मागच्या रांगेतला कप

माझ्या पिशवीत कायम एक फालतू कप असतो. ऑफिसच्या कपाटात कान तुटलेल्या, रंग उडालेल्या कपांचा ढीग पडलाय, त्यातलाच एखादा. कुणी विचारलं, बाई, हा कशाला बरोबर, तर मी सांगते, फोडायला.

माझं काम असं आहे. ज्या मुलांना आईबाप नाहीत, किंवा असून नसल्यासारखे आहेत, त्यांना घरी न्यायला जी माणसं पुढे येतात, त्यांच्या घरी जायचं आणि बघायचं, यांना हे झेपणार आहे का. त्यातही माझ्याकडे मोठी मुलं. तान्ह्या बाळांसाठी रांगा लागतात हो! गुबगुबीत गाल आणि बोळकं हसू कुणाला नको असतं? पण तेरा-चौदा वर्षांचं घोडं, जे दारं आपटतं, धडधडीत खोटं बोलतं आणि वर 'तुम्ही माझे कोण' म्हणून तोंडावर विचारतं, ते न्यायला येणारे विरळाच. आणि जे येतात त्यातले अर्धे पुण्य कमवायला येतात. त्यांना मी उंबऱ्यातच ओळखते. पुण्यवाल्यांचं या पोरांशी जमत नाही, कारण ही पोरं आभार मानत नाहीत.

तर कप. कागदपत्रं झाली, खोल्या बघून झाल्या, चहा झाला, की मी म्हणते, "आता मी तुमची चौदा वर्षांची मुलगी, तुम्ही माझे आईबाप." माझं वय, माझं वजन आणि माझा कुरकुरणारा गुडघा बघून लोकांना हसू फुटतं. फुटू दे. मग मी सुरू होते. उशीर झाला तर झाला, कुठे होते सांगणार नाही, फोन दाखवणार नाही, तुम्ही कोण मला सांगणारे! आणि ऐन रंगात आले की टेबलावरचा कप उचलून जमिनीवर आदळते. खळ्ळकन! तो माझाच कप आहे, मीच मघाशी हळूच ठेवलाय, हे त्यांना माहीत नसतं. त्या क्षणी माणसाच्या तोंडून जे निघतं ना, ते थेट पोटातलं असतं. कुणी ओरडतं, "अहो बाई, हे काय!" कुणी आधी फरशी बघतं. एका साहेबांनी तर, हा खेळ आहे हे साफ विसरून, मला दार दाखवलं होतं.

चष्मेवाल्यांच्या घरी मात्र वेगळंच झालं. चष्मेवाले म्हणजे चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून दिवसभर काचा घासणारा, बारीक आवाजाचा, सज्जन माणूस. बायको घरी शिवणाच्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवते. तिला मी पहिल्याच दिवशी वहिनी म्हणायला लागले, कारण तिच्याकडे बघून दुसरं काही म्हणवेचना. मूल झालं नाही, त्याचं रडगाणं दोघांनीही गायलं नाही. मी कप फोडला तसे चष्मेवाले खुदकन हसले आणि म्हणाले, "चला, एक कप विसळायचा वाचला." आणि वहिनी हातातली शिवण टाकून उठल्या, माझा हात धरला, उलटासुलटा करून बघितला.

"लागलं नाही ना गं तुला?"

गं! मला! पन्नाशी उलटलेल्या म्हशीला! खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. इतकी वर्षं कप फोडतेय, हे वाक्य कुणी बोललं नव्हतं.

आणि त्याच क्षणी मला खारू आठवली.

वसतिगृहातली पोरं तिला खारूताई म्हणायची, कारण ती उशीच्या अभ्र्यात बिस्किटं साठवून ठेवायची. त्याचं झालं खारू. चौदाची होती. एका घराने नेली आणि परत आणून सोडली, चोरून खाते म्हणून. मग दुसऱ्या घराने नेली आणि त्यांनीही परत आणून सोडली. तर म्हणे, टक लावून बघते. अहो, बघते म्हणजे काय? पोरीने डोळे काढून कपाटात ठेवायचे का? पण जाऊ दे. आमच्याकडे पंधरावं पूर्ण झालं की घर शोधणं बंद होतं. मग वसतिगृहातच राहायचं, मग कुठेतरी काम, मग ज्याचं त्याने बघायचं. खारूचे थोडेच महिने उरले होते. हे घर मिळालं तर मिळालं, नाहीतर कुठलंच नाही. हे मला माहीत होतं, आणि तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

इथे माझी जीभ घसरली. मी असल्या गोष्टी मुलांना सांगत नसते. पण त्या दिवशी मी हुरळले होते, मेंढी लागली लांडग्याच्या पाठी तशी. वसतिगृहात जाऊन तिच्या पलंगावर बसकण मारली आणि सगळं सांगून टाकलं. कप कसा फोडला, काका काय म्हणाले, काकू काय म्हणाल्या.

"परत सांग," खारू म्हणाली.

मी परत सांगितलं.

"हात धरून?"

"हात धरून. उलटासुलटा करून बघितला."

"आणि कप कुणाचा ते माहीतच नव्हतं त्यांना?"

"छे गं! त्यांना वाटलं त्यांचाच."

 उशीच्या अभ्र्यातून एक बिस्किट काढून तिने मला दिलं. जे तिला ओळखतात त्यांना कळेल की हा केवढा मान होता.

मग भेटी सुरू झाल्या. दर रविवारी मी तिला बसने घेऊन जायची, संध्याकाळी परत आणायची. आणि काय सांगू, पोरीने जादूच केली. काकू, भांडी मी घासते. काका, तुमचा चष्मा पुसून देऊ? मशीनखाली पडलेल्या टाचण्या वेचून डबीत भरल्या. वाटीत बिस्किटं ठेवली तर एकच उचलायची आणि तेही विचारून. एका रविवारी वहिनी काज करत होत्या आणि ही शेजारी दोरा ओवून देत होती, तेव्हा तिने आपणहून त्यांना त्या दोन घरांचं सांगितलं. कुणी नेलं, कधी परत सोडलं, गाडीत कुठल्या बाजूला बसवलं होतं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. जिन्याशी मला निरोप देताना म्हणाल्या, "इतकी गुणी पोर हो! कशाचा म्हणून त्रास नाही. आमचं नशीबच म्हणायचं."

मला ते खटकलं. गुणी मूल म्हणजे पाहुणं मूल. घरचं मूल गुणी नसतं, घरचं मूल चपला कुठेही फेकतं. आणि 'त्रास नाही' म्हणून आवडलेल्या मुलीने त्रास दिला की मग काय? नव्याचे नऊ दिवस सरल्यावर काय? म्हणून माझा एक नियम आहे, एक वाईट दिवस डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी सही करत नाही. वसतिगृहातल्या सगळ्या पोरांना हा नियम पाठ आहे. मी मुद्दाम काही घडवून आणत नाही. वाईट दिवस आपला आपण येतो, त्याला बोलवावं लागत नाही.

पण इथे तो येईचना. शेवटी परतीच्या बसमध्ये खारूने विचारलं, "मावशी, सही कधी करणार तू?"

गुडघा ठणकत होता, बसायला जागा नव्हती, माझं डोकं फिरलेलं. म्हटलं, "कशावर करू सही? तिघंही नुसते पाकात बुडल्यासारखे वागताय. एखादा दिवस बिघडू दे तरी, मग बघू."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं रुसली. उगी राहू दे म्हटलं जरा, रुसू दे, तेवढंच बरं.

पुढच्या रविवारी जेवणं झाली, मागचं आवरून झालं. चष्मेवाले पेपर चाळत होते, मी खुर्चीत पाय पसरून बसले होते. वहिनींनी चहा टाकला आणि म्हणाल्या, "खारू, कप काढ गं." खारू फळीपाशी गेली आणि तिथेच थांबली. पुढचे कप सरकवून मागे बघत होती, एकेक हातात घेऊन परत ठेवत होती. मला वाटलं, पोर नीटनेटकी आहे, चार सारखे कप शोधतेय.

"आणि ते केस बांधून घे बाई, चहात जातील," वहिनी सहज म्हणाल्या.

"मी नाही बांधणार." खारू वळली. तिच्या हातात एक बसका, पिवळट पडलेला कप होता, कडेचा टवका उडालेला. "तुम्ही कोण मला सांगणाऱ्या?"

आणि तिने तो फरशीवर आदळला.

मी कान टवकारून सरळ बसले. चष्मेवाल्यांचा पेपर खाली आला. आणि खारू, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, खारू फुटलेल्या कपाकडे बघतच नव्हती. ती वहिनींकडे बघत होती आणि तिने उजवा हात जरासा पुढे केला होता.

वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. "आईचा कप," त्या म्हणाल्या. मग त्यांनी वर बघितलं. आवाज चढला नव्हता, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अगदी हळू म्हणाल्या, "म्हणूनच तुला कुणी ठेवून घेत नाही."

गॅसवर चहा उकळून वर यायला लागला होता.

"बरं," खारू म्हणाली. एवढंच. काचा चुकवत ती दारापर्यंत गेली, बाहेर पडली आणि मागे दार हलकेच ओढून घेतलं, कडीचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

आता लक्ष देऊन ऐका, कारण माझं सगळं काम इथेच आहे. लोकांना वाटतं तो वाईट क्षण म्हणजे परीक्षा. अजिबात नाही. आया काय कमी बोलतात? माझी आई मला 'एकदाची मर' म्हणायची आणि घटकाभरात फणी घेऊन माझे केस विंचरायला बसायची. तोंडातून जातं, माणूस आहे. परीक्षा असते ती त्याच्यानंतरची. दाराबाहेर गेलेल्या पोराच्या मागे कोण उठतं, ते बघायचं. आणि ते बघताना माझ्यासारख्या बाईने तोंडाला कुलूप लावून बसायचं. कारण 'जा तिच्यामागे' असं मी सांगितलं की ते माझं जाणं होतं, त्यांचं नाही.

म्हणून मी बसले. वहिनी जमिनीवर बसल्या आणि तुकडे ओच्यात गोळा करायला लागल्या. चष्मेवाले उठले. मला वाटलं, निघाले. ते दाराकडे दोन पावलं गेले, दारामागचा झाडू घेतला आणि परत आले. मग तो झाडू तसाच ठेवून बायकोशेजारी खाली बसले, तिच्या पाठीवर हात ठेवला. गॅस मी बंद केला. दोघं मिळून एक तुकडा दुसऱ्याला लावून बघत होते. दाराकडे कुणी मान वळवून बघितलं नाही. मी मनात म्हणत होते, उठा. उठा ना हो. एकाने तरी उठा.

शेवटी माझ्याच्याने बसवेना. मी बाहेर गेले.

खारू जिन्यात खालच्या वळणावर बसली होती. माझी पावलं ऐकून तिने झटकन मान वर केली आणि मी आहे बघून परत खाली घातली.

"त्या येतायत ना?" तिने विचारलं.

मी रेलिंगला धरून तिच्याशेजारी कशीबशी टेकले.

"मावशी, तू बघितलंस ना सगळं? आता झाला ना वाईट दिवस? आता करता येईल ना सही?"

मला क्षणभर काही कळेना. आणि मग एकदम सगळं कळलं. 'तुम्ही कोण मला सांगणाऱ्या.' अगं बाई! ते माझंच वाक्य होतं. माझ्याच खेळातलं, मीच तिला पलंगावर बसून ऐकवलेलं.

"तू मुद्दाम फोडलास?"

"मग! तूच म्हणालीस ना, बिघडल्याशिवाय सही नाही. आपोआप बिघडतच नव्हतं." ती भराभर बोलत होती. "मी सगळ्यात जुनाट बघून घेतला, मावशी. टवका उडालेला. सगळ्यांच्या मागे ढकलून ठेवला होता, मला वाटलं नकोसाच असेल. चांगल्याला मी हातसुद्धा लावला नाही. आईचा होता ते मला काय माहीत? कुणी आईचा कप मागे का ठेवेल?"

फुटू नये म्हणून ठेवतात गं, मागे. हे मी मनातच म्हटलं. या पोरीला आयुष्यात मागे ढकललेलं म्हणजे नकोसं, एवढंच ठाऊक.

"त्या येतील," ती म्हणाली. "त्या हात बघतात आधी. तू सांगितलं होतंस."

तेव्हा मी तिच्या हाताकडे बघितलं. तर्जनीला चीर गेली होती, उडालेला तुकडा लागला असावा. रक्त तिने पुसलं नव्हतं. दाखवायला ठेवलं होतं.

माझा नियम गेला चुलीत. मी उठले आणि गुडघ्याची पर्वा न करता वर गेले. दोघं तसेच बसले होते, आता डिंकाची ट्यूब आणली होती. मी त्यांना एका दमात सगळं सांगितलं. कप माझा असायचा, ती माझी नक्कल होती, तुम्ही पास व्हावं म्हणून तिने केलं, तुम्ही तिला हवे आहात म्हणून केलं. जीव तोडून सांगितलं. मला वाटलं होतं, ऐकल्याबरोबर धावत सुटतील.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे नाटक होतं?"

"हो! नाटकच!"

"मग इतके दिवस गोड वागत होती, तेही..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. वाईट माणूस नाही हो तो. त्याला खरंच कळेनासं झालं होतं.

वहिनी रडायला लागल्या. "मी असं बोलले तिला. माझ्याशी विश्वासाने बोलली होती पोर, आणि मी नेमकं तेच उचलून तिला मारलं. माझ्यात असं काही आहे हे मला माहीतच नव्हतं. मला माझीच भीती वाटते आता."

"मग खाली जा आणि हेच तिला सांगा. शब्द न् शब्द हेच. ती पायरीवर बसलीय, वाट बघतेय. बोट कापलंय तिचं."

बोट कापलंय म्हटल्यावर वहिनी अर्ध्या उठल्या. गुडघा जमिनीवरून सुटला होता, मी बघितलं. मग ओच्यातले तुकडे किणकिणले, त्यांनी खाली बघितलं आणि त्या परत बसल्या.

"आज नको," त्या म्हणाल्या. "आज तिच्यासमोर मला तोंड दाखवता येणार नाही."

मी पाया पडायची बाकी होते. ऑफिसात खाष्ट म्हणून माझं नाव आहे, कुणापुढे मान तुकवत नाही मी. पण त्या दिवशी म्हटलं, "वहिनी, आज नको म्हणजे कधीच नको, असं कळतं हो तिला. तिला दुसरं काही कळतच नाही. फक्त वळणापर्यंत चला. बोलू नका काही, नुसता हात बघा."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. चष्मेवाले उठले आणि आतल्या खोलीत गेले. आले तेव्हा त्यांच्या हातात खारूची पिशवी होती. तिचा स्वेटर घडी करून आत घातला होता. वरती बिस्किटांचा एक अख्खा पुडा ठेवला होता.

"हे राहिलं होतं तिचं," ते बारीक आवाजात म्हणाले. "म्हणजे वर यायला नको परत."

मी पिशवी घेतली. घेतली आणि निघाले, दुसरं काय करणार होते मी? माझी सही लागलीच नाही. जे व्हायचं ते त्या पिशवीनेच झालं.

जिना उतरताना माझी पावलं एक जड, एक हलकं अशी वाजत होती आणि मला कळत होतं की खाली ती ऐकतेय, मोजतेय, पायऱ्यांवर किती माणसं आहेत ते. वळणावर पोचले तेव्हा तिची नजर माझ्यावर नव्हती, पिशवीवर होती. पिशवी या पोरांना वाचता येते. पुस्तकाआधी येते.

 ती उठली, पिशवी माझ्या हातातून घेतली, खांद्याला लावली.

"ते नापास झाले?"

मी मान डोलावली.

"मावशी," ती माझ्या जवळ आली आणि हळू बोलायला लागली, वर ऐकू जाऊ नये म्हणून. "त्यांना नको ना नापास करू. त्यांना फार वाईट वाटेल, काकूंना तर झोपच यायची नाही. तू असं लिही की मीच नापास झाले. मला सवय आहे."

 मी तिचा हात धरला, पदराचं टोक ओढून बोटाला गुंडाळलं. रक्त आता सुकत आलं होतं, पण मला दुसरं काही सुचेना. म्हणाले, "लागलं का गं फार?"

तिने हात काढून घेतला नाही. वरच्या बंद दाराकडे बघितलं.

"हे तू नव्हतं विचारायचंस," ती म्हणाली.